ठाण्यात नेलेल्या पोराची हिस्ट्री कोण सांगणार?

पोराला पोलिसांनी उचलले अशी बातमी गल्लीत आली की धावपळ सुरू होते. बाप नगरसेवकाच्या घराकडे पळतो. मामा ओळखीचा वकील शोधतो. आई दारात बसून शेजारणींना सांगत राहते, "माझं पोट्टं तसं नाही जी." या सगळ्या धावपळीत पेटीतला शाळेचा दाखला कोणी काढत नाही. पोराला रोज रात्री फिटची गोळी लागते, किंवा तो वर्षभरापासून सोल्युशन हुंगतो, हेही ठाण्यात कोणी सांगत नाही. सांगायची लाज वाटते. पण त्या पोराचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी या न काढलेल्या कागदावर आणि न सांगितलेल्या गोष्टीवर ठरते.

बंधू-भगिनींनो, आरोग्याच्या पानावर पोलीस ठाणे कशाला, असे तुम्हाला वाटेल. आम्ही आधी वॉर्डात ड्युटी केली आणि नंतर इंदोरा, टेका, नारीपासून रामबाग, इमामवाडा, कौशल्यानगरपर्यंत घरोघर फिरलो. दोन्हीकडे एक गोष्ट दिसली. दवाखान्यात यायला हवा होता असा पोरगा पुष्कळदा ठाण्यात पोहोचतो. त्याची झोप गेलेली असते, डोक्याला कधीतरी मार लागलेला असतो, शाळा सातवी-आठवीत सुटलेली असते, घरात मारझोड असते, हातात खर्रा आणि मग त्याहून कडक काहीतरी आलेले असते. यातले एकही दुखणे वेळेवर कोणी तपासलेले नसते. शेवटी तो मोबाईल चोरताना सापडतो आणि मग फक्त चोरीच दिसते.

दवाखान्यात पेशंट आला की आधी केसपेपर निघतो. काय होते, कधीपासून होते, आधी कोणता आजार होता, घरात कोणाला आहे, हे विचारल्याशिवाय डॉक्टर गोळी लिहून देत नाहीत. यालाच आम्ही हिस्ट्री म्हणतो. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी कायद्यानेही असाच केसपेपर काढायला सांगितला आहे. तो नीट भरला गेला तर पोराला समुपदेशन, उपचार, शाळा, कामाचे शिक्षण मिळण्याची वाट उघडते. कोरा राहिला तर मंडळासमोर फक्त गुन्हा जातो. म्हणून हा लेख.

कायद्यातली दुसरी वाट

आपल्याकडे आजही लोक 'रिमांड होम' किंवा 'सुधारगृह' म्हणतात. पाटणकर चौकातले शासकीय निरीक्षणगृह अनेकांना याच नावाने माहीत आहे. पण आजचा कायदा आहे २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला 'आरोपी' किंवा 'गुन्हेगार' म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे: कायद्याशी ज्याचा झगडा झाला असे मूल.

या कायद्याच्या तिसऱ्या कलमात काही तत्त्वे दिली आहेत. त्यातले एक तत्त्व असे, की मुलाचे किंवा समाजाचे हित आड येत नसेल तर त्याचे प्रकरण कोर्टकचेरीच्या वाटेने न नेता दुसऱ्या वाटेने सोडवण्याला प्रोत्साहन द्यावे. हे कोणाची मेहेरबानी म्हणून दिलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही हेच आहे, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला.

मुलाचे प्रकरण नेहमीच्या कोर्टात जात नाही, बाल न्याय मंडळापुढे जाते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक महिला असावीच लागते. मुलाने चूक केली असे ठरले तरी मंडळ काय काय करू शकते ते पाहा. समज देऊन घरी पाठवू शकते. मुलाला आणि आईवडिलांना समुपदेशनाला पाठवू शकते. समाजसेवेचे काम देऊ शकते. परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरीच राहू देऊ शकते. त्याबरोबर शाळेत जाण्याचा, हातचे काम शिकण्याचा, उपचार केंद्रात जाण्याचा, व्यसनमुक्तीचा उपचार घेण्याचा आदेशही देऊ शकते. विशेष गृहात ठेवणे हा यादीतला शेवटचा उपाय आहे, आणि तोही जास्तीत जास्त तीन वर्षांचा. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खून, बलात्कार यांसारख्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मात्र मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. तिथे वकील पहिल्या दिवसापासून हवा.

पहिले चोवीस तास

जे काही घडायचे ते बहुतेक पहिल्या दिवसात घडते. म्हणून हे नीट वाचा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. कोणत्याही कारणाने नाही. त्याला ताबडतोब विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावे लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते. ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "साहेब, इथले बाल कल्याण अधिकारी कोण आहेत?" हा प्रश्न आला की समोरच्याला कळते, घरच्यांना कायदा ठाऊक आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आणखी स्पष्ट लिहिले आहे. मुलाला बेडी घालायची नाही. त्याच्याकडून कबुली काढायची नाही. कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. विचारपूस करताना आईवडील हजर राहू शकतात. गरज असेल तर डॉक्टरी मदत द्यायची. किरकोळ आणि गंभीर प्रकरणांत, म्हणजे अतिगंभीर सोडून इतर प्रकरणांत, मुलाच्या हितासाठी गरज नसेल तर त्याला ताब्यातही घ्यायचे नाही. माहिती मंडळाला पाठवायची आणि आईवडिलांना तारीख कळवायची. अशा प्रकरणांत एफआयआर नोंदवायचा नाही, ठाण्याच्या रोजच्या डायरीत नोंद करायची. गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केल्याचा आरोप असेल तरच एफआयआर होतो.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. मोठ्या माणसांबरोबर मिळून. वस्तीतले 'भाई' लहान पोरांना पुढे करतात, "तू छोटा आहेस, तुला काही होत नाही" म्हणतात. होते ते असे. एकट्याने केले असते तर डायरीवर भागले असते, त्याचा एफआयआर होतो. या कायद्यात अशा भाईंसाठीही कलम आहे. मुलाला बेकायदेशीर कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा पोराने एकट्याने केले की कोणी करायला लावले, हे लपवू नका. तो हिस्ट्रीचाच भाग आहे.

आता तो केसपेपर. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला मुलाचा 'सामाजिक पार्श्वभूमी अहवाल' भरावा लागतो. पुढे परिविक्षा अधिकारी घरी येऊन चौकशी करतो आणि दोन आठवड्यांत 'सामाजिक तपासणी अहवाल' मंडळाला देतो. घरात कोण कोण आहे, कमावते कोण, शाळा कधी आणि का सुटली, मित्र कोण, व्यसन आहे का, आजार आहे का, घरात मारहाण होते का, हे त्यात येते. हे अहवाल म्हणजे पोराची हिस्ट्री. मंडळ त्याच्या आधारे ठरवते की याला घरी पाठवायचे, दवाखान्यात पाठवायचे की आत ठेवायचे.

आणि इथेच आपली माणसे गप्प बसतात. एका घरी आम्ही चौकशीच्या आदल्या दिवशी गेलो होतो. आई म्हणाली, "सिस्टरताई, साहेब आले की मी सांगणार, घरात सगळं बरं आहे. नवरा पितो हे कसं सांगू?" आम्ही तिला म्हटले, "मावशी, सलाईन लावायला हात पुढे करावाच लागतो. घरात सगळं बरं आहे असं लिहिलं गेलं, तर पोरगाच वाईट आहे असा त्याचा अर्थ होतो." तिने दुसऱ्या दिवशी सगळे सांगितले: नवऱ्याचे पिणे, पोराचे रात्री घराबाहेर झोपणे, आठवीत गणितात मागे पडल्यावर शाळा सोडणे. त्या अहवालावरून मंडळाने पोराला घरी राहू दिले आणि बापलेक दोघांना समुपदेशनाला जायला सांगितले. बाप पहिल्या दोन वेळा गेला नाही, तिसऱ्या वेळी गेला.

जामिनाचेही लक्षात ठेवा. मुलाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हा प्रश्नच नाही. त्याला सोडायचे हाच नियम आहे. सोडल्यास तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाच्या कामाला बाधा येईल असे वाटले तरच मंडळ नाही म्हणू शकते, आणि त्याची कारणे लिहून द्यावी लागतात. घरातला कोणी जबाबदार माणूस, आजी, मामा, मावशी, "मी याला सांभाळतो" म्हणून पुढे आला तर मंडळाला निर्णय घ्यायला सोपे जाते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला मोफत वकील मिळतो.

वयाचा कागद

अठरा वर्षांखालचा आहे हे सिद्ध झाले तरच ही वाट उघडते. उंचीवरून, मिशीवरून कोणी एकोणीस लिहिले की पोरगा सरळ मोठ्यांच्या कोर्टात आणि मोठ्यांच्या तुरुंगात जातो.

याचे एक भयंकर उदाहरण आपल्याच शहरात आहे. पुण्यात १९९४ साली झालेल्या एका खुनाच्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेला एक माणूस नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होता. खटल्याच्या कागदांत त्याचे नाव वेगळे लिहिले गेले होते आणि वय मोठे धरले गेले होते. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या राजस्थानातल्या गावच्या शाळेची नोंद ग्राह्य धरली. त्या नोंदीप्रमाणे घटनेच्या वेळी त्याचे वय होते १२ वर्षे ६ महिने. तोपर्यंत तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. बालकांच्या कायद्याने ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते, तो चाळिशी ओलांडून बाहेर आला. शाळेच्या रजिस्टरमधल्या एका ओळीने त्याची सुटका केली. ती ओळ पहिल्याच वर्षी कोर्टापुढे आली असती तर? विचार करा.

वय ठरवण्यासाठी कायद्याने क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्डाचे नाव या यादीत नाही. हाडांच्या तपासणीत एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि सतरा-अठराच्या उंबरठ्यावर तेवढा फरक फार महाग पडतो. म्हणून शाळा सुटली तरी दाखला सुटू देऊ नका. मुख्याध्यापकांकडून आणा, झेरॉक्स काढा. आणि कामावर लावण्यासाठी, लग्नासाठी पोराचे वय वाढवून सांगण्याची सवय सोडा. एक दिलासा आहे: वयाचा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल लागल्यानंतरही मांडता येतो.

नशा हा आजार आहे

आमच्याकडे येणाऱ्या माऊल्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो. पंक्चरचे सोल्युशन, व्हाईटनर, गांजा, झोपेच्या गोळ्या, आणि आता एमडी. सुरुवात बहुधा खर्ऱ्यापासून. पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला विहारात म्हणतो, पण शील मोडलेल्या पोराला नुसते रागावून व्यसन सुटत नाही. व्यसन हा मेंदूचा आजार आहे. त्यातून किशोरवयात मेंदूचा आवर घालणारा भाग अजून पुरता तयार झालेला नसतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत जातो. म्हणून या वयात व्यसन लवकर लागते, आणि म्हणूनच वेळेवर उपचार मिळाला तर पोरगा सावरायलाही वाव असतो.

खुणा ओळखा. तोंडाभोवती पुरळ किंवा सुकलेले चट्टे, कपड्यांना रसायनाचा वास, खिशात चिंधी किंवा प्लास्टिकची पिशवी, सतत डोके दुखणे, ही हुंगण्याची लक्षणे असू शकतात. रात्र रात्र जागणे, जबडा आवळणे, एकदम वजन उतरणे, सगळ्यांवर संशय घेणे, ही एमडीची असू शकतात.

काही गोष्टी जिवावर बेततात, त्या लक्षात ठेवा. हुंगलेल्या पोराचा पाठलाग करू नका, दचकवू नका, मारू नका. अशा वेळी हृदय एकाएकी बंद पडू शकते. त्याला शांतपणे मोकळ्या हवेत आणा, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका, त्याला फिट येऊ शकते. हीच गोष्ट ठाण्यातही होऊ शकते. म्हणून पोरगा काय घेतो हे पोलिसांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. फिटची, दम्याची, मनोविकाराची औषधे चालू असतील तर चिठ्ठी आणि गोळ्या घेऊन जा, आणि एका कागदावर लिहून द्या. अंगावर मार असेल तर डॉक्टरला तो केसपेपरवर लिहायला सांगा.

कायदाही व्यसनाला निव्वळ गुन्हा मानत नाही. अमली पदार्थांसंबंधीच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच: उपचार पुरा करायचा. अर्धवट सोडला तर ही सवलत जाऊ शकते. हे कलम मोठ्यांनाही लागू आहे. वकिलाला सांगा, "साहेब, पोरगा उपचाराला तयार आहे, चौसष्ट-अ मांडा." विकणाऱ्याला मात्र या कलमाचा आधार नाही. उलट मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

उपचारासाठी दूर जायला नको. मेडिकल आणि मेयो दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. 'पागलखाना' म्हणून तिथे जायला लोक लाजतात. ती लाज सोडा.

'चार दिवस आत राहू दे, अक्कल येईल'

हे वाक्य आम्ही किती बापांच्या तोंडून ऐकले असेल. राग समजतो. पण आत अक्कल शिकवायला कोण असते? आपल्या पोराहून दोन पावले पुढे गेलेली पोरे असतात. शाळा, काम, उपचार सगळे तुटते. बाहेर येतो तेव्हा ओळखी वाढलेल्या असतात आणि भीती गेलेली असते.

आणि आपल्यासाठी हा प्रश्न फक्त एका घराचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के होती, म्हणजे सहात एक. तुरुंगांत मात्र दर पाच कैद्यांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा असतो, हे सरकारचीच आकडेवारी सांगते. २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी होते. गुन्हा शाबित झाला म्हणून नव्हे, तर जामिनाला पैसे आणि बोलायला माणूस नाही म्हणून किती जण आत राहतात ते यावरून समजावे.

दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ज्या बाईचा मोबाईल गेला ती आपल्याच वस्तीतली असते. तिने महिनाभर धुणीभांडी करून तो घेतलेला असतो. दुसरी वाट म्हणजे पोराला मोकळे सोडणे नव्हे. वस्तू परत करणे किंवा भरून देणे, तोंडाने चूक कबूल करणे, काम करणे, उपचाराला न चुकता जाणे, हे सगळे त्यात येते. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने 'कुटुंब बैठक' सुरू केली. तिथल्या मूळनिवासी माओरींची मुले मोठ्या संख्येने संस्थांत डांबली जात होती. आता पोरगा, त्याचे नातेवाईक, ज्याचे नुकसान झाले तो माणूस आणि पोलीस एकत्र बसून काय करायचे ते ठरवतात. आपल्याकडची बैठक काही नवी गोष्ट नाही. फरक एवढाच की तिथे ठरलेले लिहिले जाते आणि पाळले जाते का हे बघितले जाते.

अठरा ओलांडली असेल तर

अठरा झाले म्हणजे सगळी दारे बंद होत नाहीत. १९५८ चा अपराधी परिविक्षा कायदा आहे. एकवीस वर्षांखालच्या तरुणाने जन्मठेपेइतका मोठा नसलेला गुन्हा केला असेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तुरुंगातच का पाठवले याची कारणे लिहावी लागतात. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांहून कमी किमतीच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. हे सगळे आपोआप मिळत नाही. वकिलाने मांडावे लागते आणि त्याला आपण आठवण करून द्यावी लागते.

ठाण्याच्या आधी, आणि ठाण्याच्या नंतर

पोरगा ठाण्यात जायच्या आधीच त्याला वळवता आला तर उत्तम. नागपुरातच हे घडले आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटक्या बादलीने फुटबॉल खेळताना पाहिले आणि 'झोपडपट्टी फुटबॉल' उभा केला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ साली त्यावरच आला. सरांनी आधी पोरांना उपदेश केला नाही, चेंडू दिला. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी वाट पाहणारा एक मोठा माणूस दिला. आम्ही परिचारिका म्हणून सांगतो, अशी रोजची ठरलेली वेळ हेही एक औषध आहे.

नंतरची गोष्ट जास्त अवघड आहे. अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. पसेनदी राजा घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला, आणि तथागतांजवळ बसलेला भिक्खू तोच आहे हे कळल्यावर राजाने त्याला सोडले. पण कथा तिथे संपत नाही. तो भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले, त्याचे डोके फुटले, पात्र फुटले. राजाने माफ केले, पण लोकांनी केले नाही.

कायदाही आज राजाइतका उदार आहे. बाल न्याय मंडळाने हाताळलेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरच्या मुलाचे अतिगंभीर प्रकरण बाल न्यायालयात गेले असेल तर तेवढा अपवाद आहे. मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा छापायला बंदी आहे. पण गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरतच राहतो. चहाच्या टपरीवर "जेलवाला आला" म्हणतात. तो फोटो पुढे पाठवणे हाही कायद्याचा भंग आहे. परत आलेल्या पोराला पहिले काही आठवडे एकटे सोडू नका. जेवण सोडले, कोणाशी बोलत नाही, "मी नसतो तर बरं" म्हणतो, तर त्याच दिवशी फोन करा, दवाखान्यात न्या.

विहारात हे ठरवा

येत्या बैठकीत अर्धा तास काढा. वस्तीतून एक बाई आणि एक भाऊ अशी दोन माणसे नेमा. पोराला नेल्याची बातमी आली की घरच्यांबरोबर ठाण्यात हीच दोघे जातील. मुलगी असेल तर ताई नक्की जाईल. जवळच्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव आधीच विचारून ठेवा. शाळा सुटलेल्या पोरांची यादी करा, मुक्त विद्यालयातून दहावीला बसवता येते. विहारातली अभ्यासिका फक्त स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी न ठेवता नापास झालेल्यांसाठीही एक बाक ठेवा.

आणि प्रत्येक घराने आज एक पिशवी करावी. त्यात मुलाच्या शाळेच्या दाखल्याची आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स, चालू औषधांची चिठ्ठी, दवाखान्याचे जुने केसपेपर, आणि हे नंबर लिहिलेला कागद ठेवा:

संकटातले मूल: १०९८
मोफत वकील: १५१००
व्यसनमुक्तीचा सल्ला: १४४४६
मनाचा त्रास, टेली-मानस: १४४१६
रुग्णवाहिका: १०८

पिशवी दाराजवळच्या खुंटीला लावा. ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला आणि सगळ्यात धाकट्या पोरीलाही माहीत असू द्या, कारण पोलीस येतात तेव्हा आईबाप बहुधा कामावर असतात.

जय भीम.